लालाखाली राखाडी

चाकू पाजळून ठेवला होता, पण बुरूलचाचा हात काही त्याच्याकडे जाईना.

अंगणात नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, दोन ताव एकावर एक पसरले होते. वर डाळिंबी लाल, खाली निळा. लालावर तिच्या मोठ्या जाऊबाईंनी, झुराकानबाईंनी, खडूने मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढली होती. शिर्दाक गालिच्याचं काम असंच असतं. दोन्ही ताव एकदम कापायचे, लाल शिंगं निळ्यात बसवायची, निळी लालात. एकाच कापणीत दोन जुळे गालिचे जन्माला येतात. एक लेकीबरोबर सासरी जातो, दुसरा आईच्या खोलीत राहतो. आणि चाकू फिरला की फिरला. जन्मलेलं लेकरू परत पोटात जात नाही, तसा कापलेला नमदा पुन्हा अखंड होत नाही.

म्हणून तर जिवाची घालमेल. सकाळीच लेकीने, नुर्झातने, बिश्केकहून फोटो पाठवला होता. सफरचंदं उतरली की तिचं लग्न, आणि सासरी तिची खोली रंगवून झाली होती. भिंती राखाडी, पडदे राखाडी, पलंगावरची चादरसुद्धा राखाडी. त्या खोलीत लाल-निळा शिर्दाक म्हणजे मयताच्या घरात वाजंत्री!

"अगं, उचल की चाकू," झुराकानबाई म्हणाल्या. "मदतीला आलेल्या बायका चहा पिऊन पिऊन फुगल्या."

"जाऊबाई, खोली राखाडी आहे हो तिची."

"असू दे. भिंतीवर कुणी बसतं का? बसतात जमिनीवर."

बायका हसल्या. बुरूलचाला हसू आलं नाही. तिने फोन लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा कुठे नुर्झातने उचलला, आणि आवाज असा दबका, जणू कुणी पलीकडे निजलं आहे.

"आपा," ती आईला म्हणाली, "मी इथेच आहे, खोली बघायला आलेय. सासूबाई बाहेरच बसल्यात."

"बाळा, लाल-निळा चालेल ना?"

"नको आपा! लाल तर मुळीच नको. इथल्या थोरल्या सुनेच्या आईने लाल पाठवला होता, तो गुंडाळून कपाटामागे उभा केलाय. आत्ताच पाहिला मी. तू आपला राखाडी-पांढरा कर."

"आणि तुला? तुला काय आवडेल?"



"मला काय, मला काहीही चालतं."

फोन ठेवला गेला. बुरूलचा तिथेच बसली. काहीही चालतं! ही तीच पोर, जिने वेणीच्या रिबिनीचा रंग चुकला म्हणून शाळेच्या दारात लोळण घेतली होती. लग्नाला अजून अवकाश आहे, उंबरा ओलांडलेला नाही, आणि आवाज आधीच असा आक्रसला? गालिचा कपाटामागे गेला तर जाऊ दे. पण लेक गेली तर? माणसाला देवाने आवडनिवड दिली ती उगाच नाही दिली. ती गेली की माणूस घरात असतो, पण राहत नाही.

राखाडी-पांढरा करावा, तर मुलगी सुखरूप, पण भिंतीसारखीच होऊन बसायची. लाल-निळा करावा, तर पहिल्याच दिवशी सासूच्या कपाळाला आठी. आईने करावं तरी काय?

ती उठली, कोठीत गेली आणि न रंगवलेल्या लोकरीचा ताव घेऊन आली. करड्या मेंढ्यांचा, जसा निघाला तसा. लालाखालचा निळा तिने ओढून काढला आणि तिथे हा सरकवला.

"लालाखाली राखाडी?" झुराकानबाईंनी कपाळावर हात मारला. "निखारे विझल्यावर उरते ती राख, बये!"

"आणि रात्री निखारे राखून ठेवता ते कशात हो, जाऊबाई?"

झुराकानबाईंनी वाद सोडून चाकू तिच्या हाती दिला, हे गावात वर्षातून एकदा घडतं.

बुरूलचाने बिस्मिल्ला म्हटलं आणि चाकू टेकवला. पहिल्या शिंगाच्या वळणावर चाकू अडखळला, तशी जाऊबाईंनी तिचं मनगट धरलं. "सावकाश. मी आहे." मग चाकू चालू लागला. उन्हं कलेपर्यंत कापणी झाली.

राखाडी जमिनीत तिने लाल शिंगं नुसती मांडली, टाकाही न घालता. दुरून सगळा राखाडी. डोळा जरा स्थिरावला की आतून लाल उमलून येत होतं. तिने फोटो काढला, पाठवला. पोरीने पाहिल्याची खूण आली. उत्तर नाही.

चहा आला, तळलेल्या कणकेचे बोरसोक आले. बुरूलचाने एक मोडला आणि तसाच ताटलीत ठेवला. सासूला दाखवला असेल? तिने नाक मुरडलं असेल? की पोर रडतेय? लालाचा हट्ट आपण आपल्यासाठी तर केला नाही ना? देवा, माझ्या हौसेची शिक्षा तिला नको.

फोन वाजला. तोच दबका आवाज.

"आपा."

"बोल गं. नको असेल तर सांग, अजून शिवलेला नाही."

"नाही, तसं नाही..." दार लोटल्याचा आवाज आला. मग नुर्झात जरा मोठ्याने म्हणाली, "याचा जुळा कसा दिसतो? लाल जमिनीचा? तो दाखव ना."

बुरूलचाने झुराकानबाईंकडे पाहिलं. त्या आधीच गुडघ्यावर हात टेकून उठल्या होत्या, लाल ताव उजेडाकडे ओढायला.