नकाशावाला कागद

"गुरुजी, या बहीणभावाचे कागद बदलले आहेत," नागपूरहून आलेले साहेब म्हणाले आणि त्यांनी तांबड्या पेन्सिलीने दोन्ही नावं खोडली.

धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या शाळेतली ही सन त्रेपन्नची गोष्ट. सातवीच्या पोरांची बुद्धी आणि स्वभाव मोजायचा आणि सरस निघेल त्याला सरकारी खर्चाने नागपूरला शिकवायचं, असं ठरलं होतं. कागदावर शेतांचा नकाशा होता. कुठल्या बांधीचं, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्याचं, पाणी कुठे उतरेल, ते सांगायचं. शामकलाने सगळं बरोबर लिहिलं. आई गेल्यापासून घरच्या धानाला पाणी तीच सोडायची; त्यात शाळेचं वर्ष बुडून ती धाकट्या भावाच्या वर्गात आली होती. खाली प्रश्न होता, 'लवकर रडू येतं का?' तिने लिहिलं, नाही. रडायला तिला सवड कुठे होती? धाकट्या मनिरामने नकाशा चुकवला आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलं, हो.

साहेब भला माणूस, पण शिकलेला माणूस चुकला की पुस्तकासकट चुकतो. "नकाशा पुरुषाच्या मेंदूत शिरतो," ते म्हणाले. "बाईचा मेंदू हळवा. हा रडका कागद मुलीचाच."

गुरुजी अक्षर ओळखत होते. ते चाचरत म्हणाले, "का गा मनिराम, तुझा कागद कोनता?"

मनिरामने मान खाली घातली. दाराशी उभा असलेला बाप, चैतराम, लेकाकडे आशेने बघत होता. शामकलाने ते पाहिलं आणि ती उठली.

"नकाशावाला त्याचाच आहे, गुरुजी," तीच म्हणाली.

मनिराम नागपूरला गेला. शामकलाचं गावातच लग्न झालं आणि सासरच्या बांध्याही तीच राखू लागली.

आठ वर्षांनी, ऐन धान रोवण्याच्या दिवसांत, कालव्याच्या कामावर ओव्हरसियर झालेला मनिराम नकाशा घेऊन तिच्या बांधावर आला. मोठ्या बहिणीला तो बाई म्हणायचा.

"बाई, नहराचं पानी वरच्या बांध्यायत चढूनच नाही राहिलं. साहेब मले काढून टाकतीन."

चिखलाचे हात लुगड्याला पुसून तिने नकाशावर बोट फिरवलं. "इथं कायले वळवला? इकडे उतार आहे. तोंड तिकडून काढ."

मनिराम त्या बोटाकडे बघत राहिला आणि ढसाढसा रडू लागला. "बाई, मी तवा काऊन नाही बोललो?"

"नकाशाची घडी कर आधी," ती म्हणाली. "ओला होऊन राहिला."

मग ती बांधीत उतरून रोवण्याला वाकली. वाकलेल्या बाईचा चेहरा कोणाला दिसत नाही. तो रडू येण्याचा प्रश्न आज कोणी पुन्हा विचारला असता, तर तिने हो लिहिलं असतं.