नऊची बैठक

मुतालेम्वा साहेबांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं आणि समोरची रिकामी खुर्ची पायानेच मागे सारली.

"नऊ वाजून दहा मिनिटं झाली. आला नाही."

खोलीत तिघंच होती. साहेब, म्हणजे सरोवराकाठच्या म्वांझा शहरातल्या या मासळी कारखान्याचे व्यवस्थापक. त्यांच्या शेजारी डेकर, मासळी विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीचा तपासनीस. दोन दिवसांत सरोवरावरच्या उन्हाने त्याचं नाक सोलून निघालं होतं. आणि टोकाला कॉम्प्युटरसमोर मिंझा, नोंदी भरणारी. चौथी खुर्ची मकोयेची. बावीस वर्षं कारखान्याच्या शीतखोल्या सांभाळणारा मकोये, आठवड्यापूर्वी चौकशीसाठी घरी बसवलेला. आज त्याने समोर बसून आपली बाजू मांडली नाही, तर नोकरी जाणार होती, आणि वर खोटारडा म्हणून शिक्का बसणार होता.

मिंझाने मान वर केली नाही. मकोये का आला नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. साहेबांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या डेकरला, आणि हा सगळा देखावा चालला होता तो त्याच्याचसाठी.

आमच्याकडे उजाडल्यापासून तास मोजतात. उजाडून तीन तास झाले की तीन वाजले; कचेरीच्या घड्याळात तेव्हा नऊ असतात. कचेरीत दुपारचे तीन वाजले की आमचे नऊ. यात गोंधळ कुणाचाच होत नाही. दूध पिणारं पोर सोडलं तर सगळ्यांच्या डोक्यात ही सहाची बेरीज-वजाबाकी आपोआप चालते. कचेरीत इंग्रजी बोलताना एक घड्याळ, बाहेर पडून सुकवलेल्या दगा मासळीची पुडी घेताना दुसरं. आणि काल संध्याकाळी सिस्टीमने मकोयेच्या फोनवर आपणहून जो निरोप धाडला, तो स्वाहिलीत होता. 'शुक्रवार, 9 वाजता बैठक. हजर राहावे.' सकाळी नाही, दुपारी नाही, नुसते नऊ. आमचा कुठलाही माणूस असा निरोप वाचून दुपारी जेवून मगच घराबाहेर पडेल.

निरोपाची प्रत मिंझाच्या पडद्यावर आली होती. तिने वाचली होती. वाचून पडदा बंद केला होता.

सगळ्याची सुरुवातच त्या सिस्टीमपासून झाली. सहा महिन्यांपूर्वी ती बसवायला जोहान्सबर्गहून एक गोरा तरुण आला. फार हुशार, फार घाईत. शीतखोल्यांचं तापमान दर दोन तासांनी मकोये वहीत लिहायचा, तसंच लिहीत राहायचं आणि मिंझाने ते रोज कॉम्प्युटरमध्ये भरायचं, असं ठरलं. पहिल्याच दिवशी मिंझाने त्याला विचारलं होतं की वहीतले तास आमचे आहेत, त्यात सहा मिळवू का. त्याला प्रश्नच कळला नाही. वहीत असेल तेच भरायचं, एक आकडासुद्धा मनाने बदलायचा नाही, नोंदी बदलणं हा गुन्हा आहे, असं त्याने बजावलं आणि तसं लिहिलेल्या कागदावर तिची सही घेतली. ती साहेबांकडे गेली. साहेब फोनवर होते. तो सांगतो तसं कर, म्हणाले.

तिने तसंच केलं. मकोयेचे सकाळचे सात सिस्टीममध्ये मध्यरात्रीनंतरचा एक झाले, नऊचे पहाटेचे तीन, अकराचे पाच. रात्रपाळीचा माणूस फोनमध्ये बघून वेळ टाकायचा, त्यामुळे त्याचे आकडे बिनचूक बसले. दुपार ते संध्याकाळ रकाने कोरे राहिले. मुख्य कचेरीत ते कुणी बघतही नव्हतं. वह्या बघणारी माणसं काढून टाकता यावीत म्हणूनच तर सिस्टीम घेतली होती.

मग मासळीचा एक कंटेनर परदेशातून परत आला. आतला माल पाघळून पुन्हा गोठलेला निघाला. डेकर तपासाला आला आणि त्याने दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, शीतखोल्यांच्या नोंदींची आणि फाटकावरच्या कार्डयंत्राची. पहाटे तीनचं तापमान मकोयेच्या नावावर. फाटकाच्या यादीत मकोये सकाळी सातला दहा कमी असताना आत आलेला. असं एकदा नाही, सहा महिने रोज. घरी झोपलेला माणूस इथलं तापमान कसं वाचतो? आणि दुपारनंतरचे रकाने कोरे का? डेकरने सरळ अर्थ काढला. माणूस दुपारनंतर काही करत नाही आणि आकडे बसून रचतो.

कुणीही एक वाक्य बोललं असतं तर हे तिथेच मिटलं असतं. पण त्या नोंदींत एक ओळ अशी होती की वाक्य बोलायचं कुणाचं धाडस होईना. तो कंटेनर भरला त्या दिवशी मकोयेने वहीत लिहिलं होतं आणि मिंझाने अक्षरश: उतरवलं होतं: 'पाच वाजता. चार नंबरचं मशीन बंद. तापमान चढून उणे सहा. मोठ्या साहेबांना सांगितलं. हा माल भरू नका म्हटलं.'

आमचे पाच म्हणजे सकाळचे अकरा. ट्रक दारात उभा होता, साहेबांनी भरा म्हणून सांगितलं आणि बारा वाजता माल निघाला. घड्याळ सुधारलं तर साहेब अडकतात. घड्याळ आहे तसं ठेवलं तर ती नोंद पहाटे पाचची, तेव्हा ना मकोये कारखान्यात ना साहेब. म्हणजे ती खोटी आणि मकोये खोटारडा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे दोर कॉम्प्युटरने वळला होता.

मंगळवारी साहेबांनी मिंझाला आत बोलावलं होतं. आवाज चढवला नाही. चहा मागवला, मंदाझीची, तळलेल्या गोड पावाची, बशी तिच्याकडे सरकवली.

"नोंदी चुकल्या असं उद्या कुणी म्हणालंच," ते म्हणाले, "तर बोटं कुणाची होती, हे आधी विचारतील. माझी तर नव्हती. तुला कायम करायचा कागद या महिन्यात जायचा आहे ना?"

मिंझाने बशीतली मंदाझी उचलली. तिने ती संपवली.

आता बैठकीत साहेबांनी डेकरला इंग्रजीत सांगितलं की माणूस हजर राहायला तयार नाही, यातच सगळं आलं. डेकर थोडा घुटमळला. त्याला फोन करून बघायचा का, असं त्याने विचारलं. साहेबांनी मिंझाकडे पाहिलं.

"केला होता सर," मिंझा म्हणाली. "उचलत नाहीत."

खोटं बोलायला इतका कमी वेळ लागतो याचं तिलाच नवल वाटलं.

पडद्यावर कारण भरायचा रकाना उघडला होता. सिस्टीमने त्यात तीनच पर्याय दिले होते: यंत्रात बिघाड, कर्मचाऱ्याची खोटी नोंद, इतर. 'इतर' निवडलं की प्रकरण मुख्य कचेरीत जायचं आणि निकाल लागेपर्यंत एकही कंटेनर हलायचा नाही. खाली धक्क्यावर तीन कंटेनर घरघरत उभे होते. मिंझाने मधला पर्याय निवडला. हजेरीपुढे 'गैरहजर' भरलं. नऊ वाजून वीस मिनिटांनी बैठक संपली आणि डेकर शीतखोल्या बघायला खाली गेला. संध्याकाळच्या विमानाने तो परत जाणार होता.

त्यानंतरचे साडेपाच तास तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. फोन टेबलावरच होता. नंबर 'बाबा मकोये' या नावाने होता. तिच्या बापाचा गाववाला, सेंगेरेमाचा. ती इथे लागली ती त्याच्याच शब्दावर. अर्ज घेऊन तो स्वत: साहेबांच्या दारात तीन दिवस उभा राहिला होता. दहाला फोन केला असता तर तो मिळेल त्या गाडीने अकराच्या आत आला असता. अकराला केला असता तर बाराला. डेकर इमारतीतच होता. तिने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा पालथा ठेवला. जेवणाच्या सुट्टीत बायका मागच्या दारी सोललेल्या मासळीचे उरलेले काटे विकत घ्यायला आल्या, त्यांची हसण्या-भांडण्याची नेहमीची कलकल वर आली. छपरावर ते टकले, बेढब करकोचे ओळीने बसले होते. मिंझाला स्वत:ची किळस आली, आणि तरी तिने फोन केला नाही.

तीनला पाच मिनिटं कमी असताना मकोये जिना चढून वर आला.

अंगात पांढरा शर्ट होता, चर्चला घालतात तसला, घड्या मोडलेल्या नव्हत्या. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. भरलेल्या वह्या कचेरीला नकोशा झाल्यापासून तो त्या घरी नेऊन ठेवायचा. धाप लागली होती, पण चेहरा प्रसन्न होता. आठवडाभर घरी बसवलेल्या माणसाचा तो चेहराच नव्हता.

"पाच मिनिटं आधीच आलो, पोरी," तो म्हणाला. "अशा वेळी उशीर बरा दिसत नाही."

"बसा, बाबा," मिंझा म्हणाली.

तो बाकावर बसला. म्हणाला, बायको सकाळपासून रडतेय, तिला सांगून आलो की यात रडण्यासारखं काय आहे, वही दाखवली की झालं. माझ्या वहीत आजवर एक खाडाखोड नाही. मिंझा ऐकत होती आणि हातातलं पेन उगाच उघडझाप करत होती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. साहेब आणि डेकर खालून वर येत होते, अंगात अजून शीतखोलीचे जाड कोट. मकोये ताडकन उभा राहिला. साहेब त्याला बघून जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थबकले.

"बैठक नऊला होती, मकोये," ते स्वाहिलीत म्हणाले.

"हो साहेब." मकोयेने भिंतीवरच्या घड्याळाकडे हात केला. "नऊला अजून दोन मिनिटं आहेत."

सहा महिन्यांच्या सगळ्या नोंदींचा उलगडा धुतलेला शर्ट घालून बाकापाशी उभा होता. याहून वेगळा पुरावा तो काय हवा? साहेबांचा चेहरा काळवंडला. त्यांनी मकोयेकडे पाहिलं नाही, मिंझाकडे पाहिलं.

डेकरनेही तिच्याकडेच पाहिलं. दोन दिवस कामगारांचं बोलणं तीच त्याला इंग्रजीत सांगत होती.

"काय म्हणतोय तो?"

मिंझा उठून उभी राहिली. सांगायचं म्हटलं तर एका वाक्याचं काम होतं. तो म्हणतो, आत्ता नऊ वाजतायत. बाकीचं डेकरने स्वत:च शोधून काढलं असतं. माणूस मूर्ख नव्हता. मकोये आशेने तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याचं इंग्रजी म्हणजे यंत्रांचे चार शब्द, व्हॉल्व्ह आणि प्रेशर. यापलीकडे त्याला ती भाषा कधी लागलीच नव्हती.

"ते म्हणतात, माझ्या हातून झालं ते झालं," मिंझा इंग्रजीत सावकाश म्हणाली. "सकाळी तोंड दाखवायचा धीर झाला नाही. तुम्ही जे ठरवलं ते त्यांना मान्य आहे."

डेकरने मान हलवली. त्याला वाईट वाटलेलं दिसलं. तो पुढे झाला आणि त्याने मकोयेचा हात हातात घेतला, म्हणाला की कबूल करायला मोठं मन लागतं. मकोयेने डावा हात उजव्या मनगटाला लावून, किंचित वाकून, आदराने हात मिळवला. डेकर आपली बॅग आवरायला आत गेला. साहेब त्याच्या मागोमाग गेले. जाताना मिंझाच्या टेबलाजवळ त्यांची पावलं क्षणभर मंदावली, पण ते थांबले नाहीत.

मकोये परत बाकावर टेकला.

"चांगला माणूस आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "हात मिळवला त्याने. तू नीट समजावून सांगितलंस वाटतं. पोरी, तू नसतीस तर माझं म्हणणं त्याला कोण सांगणार होतं?"

मकोयेने पिशवी सोडून वही काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. बैठक सुरू व्हायच्या आधी ही त्याच्यापुढे ठेव म्हणाला, चार नंबरच्या मशीनच्या पानाला खूण घातली आहे. तिने वही घेतली. टेबलाचा खण उघडला, वही आत ठेवली आणि खण लावून घेतला.

भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा बारावर आला.

"नऊ वाजले," मकोये म्हणाला. त्याने कॉलर सारखी केली आणि बैठकीच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून ताठ बसला.