धाकटी उशिरा थांबते

"हा खांब इथे कुणी आणून ठेवला?" गाडी फाटकातून बाहेर काढताना आमचे प्राध्यापक पुटपुटले.

खांब आम्ही इथे राहायला यायच्या आधीपासून तिथेच आहे. डाव्या आरशाची कड त्याला घासली आणि मी नेहमीप्रमाणे शेजारच्या सीटवर नसलेला ब्रेक दाबला.

बिनड्रायव्हरची गाडी हा माझ्या नवऱ्याचा विषय. सुरुवातीला एक खेळण्यातली गाडी जमिनीवरच्या काळ्या पट्टीमागून धावायची आणि कॉलेजातली मंडळी विचारायची, काय सर, आज चावी भरली का? मग जरा मोठी गाडी आली. ती पहिल्याच दिवशी फुलांच्या वाफ्यात शिरली. तरी हे चिकटून राहिले. टिंगल करणारेच आता यांच्याकडे शिफारसपत्रं मागायला येतात.

यांचं म्हणणं पहिल्यापासून एकच: गाडीला नियम पाठ करायला लावू नका, चांगला ड्रायव्हर दाखवा, ती बघून शिकेल. चांगला ड्रायव्हर कोण, असं कुणी विचारलं नाही, कारण ते उघडच होतं. मांडीवरचं बाळ जागं होणार नाही अशी गाडी हे चालवायचे. म्हणून आमच्या घरच्या गाडीला कॅमेरे लावलेत. समोर काय आलं, यांनी ब्रेक कधी दाबला, सगळं टिपलं जातं आणि ते प्रयोगशाळेतल्या गाडीला शिकवलं जातं. तिला सगळे धाकटी म्हणतात. थोरली म्हणजे आमची मुलगी. ती फोनवर म्हणते, माझ्या अभ्यासाकडे बाबांनी कधी एवढं लक्ष दिलं नाही.

गेली एक-दोन वर्षं डाव्या हाताशी ठेवलेला चहा सांडायला लागला होता. मी कप उजवीकडे ठेवू लागले. डोळे दाखवून येऊ म्हटलं, की हे चष्मा पुसत दुसऱ्या खोलीत जात. मग गाडीत मी तोंडाचा पट्टा सुरू केला. त्या सायकलवाल्याचा शर्ट बघा काय भडक. त्या आजोबांचं काही खरं नाही, येतील मध्येच. हे ब्रेक दाबत आणि म्हणत, किती बोलतेस गं. मी म्हणे, जित्याची खोड.

थोरली विचारायची, बाबा बरे आहेत ना? मी म्हणायची, त्यांना काय धाड भरलीय.

येत्या सोमवारी धाकटी पहिल्यांदा खऱ्या रस्त्यावर जाणार होती. आत कुणीही नाही, मोकळी सीट. रस्ता शाळेसमोरचा, आणि शाळेचं फाटक डावीकडे. हे सत्र संपलं की हे निवृत्त होणार, म्हणजे उभ्या नोकरीचं फळ त्या एका फेरीत होतं.

आणि नेमकी आता धाकटी उशिरा थांबायला लागली. उजवीकडून काही आलं तर शहाण्यासारखी थांबे; डावीकडून आलं की क्षणभर उशीर. कॅमेरा बदलला. पुन्हा बदलला. वायरी उपसल्या. घरी यांचा पाय एका जागी ठरेना. फ्रिज उघडायचे, आत बघायचे, बंद करायचे. जेवताना मध्येच उठून खिडकीशी जायचे. मी विचारलं की, "कॅमेरा," एवढंच.

यांच्या विद्यार्थ्यांमध्ये सगळ्यात जुनी मुलगी पीएचडी करते. सगळ्यांना कामाला लावते म्हणून तिला मुकादम म्हणतात. शुक्रवारी मी प्रयोगशाळेत डबा द्यायला गेले, तर ती जिन्यापर्यंत मला सोडायला आली. आधी कधी आली नव्हती.

"काकू, गाडीत तुम्ही सरांशी काय बोलता हो?"

"काही नाही. बडबड."

ती कठड्याचा रंग नखानं खरवडत राहिली. म्हणाली, तुम्ही सोबत असता तेव्हा सर डावीकडच्या माणसासाठी जरा उशिरा ब्रेक दाबतात. एकटे असतात तेव्हा त्याहून उशिरा. आमचे कॅमेरे आवाज टिपत नाहीत, म्हणून विचारलं. जिन्यातच मला उलगडलं. मी शर्ट बघायचा, मी बोलायचं, मग यांनी थांबायचं. तेवढा वेळ धाकटीनं इमानेइतबारे पाठ केला होता. फक्त तिच्या शेजारी बडबडायला कुणी नव्हतं.

मी घरी न जाता थांबले. दुपारी कॉलेजच्या मैदानावर चाचणी झाली. चाकांवरचा कापडी बाहुला, शाळकरी मुलाच्या उंचीचा, दोरीनं ओढतात. डावीकडून ओढला आणि धाकटीनं त्याला उडवला. कुणी कुणाकडे बघेना. मुकादम तोंड उघडणार तोच हे म्हणाले, "पुन्हा कॅमेराच. थांबा, मी स्वतः चालवून दाखवतो. चल गं, बस."

मी बसले. पट्टा लावला. धाकटी यांच्या हाती लोण्यासारखी चालली. बाहुला उजवीकडून आला, हे सुरेख थांबले. पुढच्या फेरीला मला डावीकडे दोरी ताणलेली दिसली. बाहुला हलला. शब्द माझ्या जिभेवर आले, पण मी ओठ घट्ट मिटून घेतले. सोमवारचं फाटक माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. पाय मात्र नसलेला ब्रेक दाबत राहिला.

धप्प.

गाडी पुढे जाऊन थांबली. यांनी हात स्टिअरिंगवरच ठेवले होते.

"आज बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. सायकलवाल्याच्या शर्टापासून सगळं.

"सोमवारी मी आत नसणार," मी म्हणाले.

प्रयोगशाळेतली मुलं धावत आली होती, पण गाडीपासून दोन हात लांबच उभी राहिली. एकीच्या हातात बाहुल्याचा निखळलेला पाय होता. यांनी काच खाली केली. मुकादम वाकली. ती "सर, कॅमेरा" असं काहीतरी म्हणू लागली होती. यांनी मान हलवून तिला थांबवलं.

"सोमवारचं रद्द कर. मी शिकवलेलं सगळं तिच्यातून काढून टाक," ते म्हणाले. मग चष्मा काढून माझ्या मांडीवर ठेवला. "मला डावीकडचं दिसत नाही."