केळीचे खुंट आणि गवती चर

मी एक जुना गवती चर आहे. बंगळुरात, चामराजपेटेतल्या एका दवाखान्याच्या मागे उतारावर आडवा पडून असतो. तळाशी दगड, वर वाळू, त्यावर गवत. छपरांवरून आलेलं पावसाचं पाणी मी अडवतो, बरंचसं जमिनीला पाजतो आणि उरलेलं जाळीतून विहिरीत सोडतो. मित्रांनो, मला ओलांडून जाणारी माणसं रोज दोनशेच्या वर. वाकून बघणारा एकच, माळी पिराजी. त्यानेच मला खणलं.

उन्हाळ्यात विहिरीला पाणी टिकलं की माझं कौतुक होई. पुढे ऑफिस सांभाळायला सुधींद्र साहेब आले. बेळगावकडचे, कडक इस्त्रीचे.

"पिराजी, दवाखाना आहे की म्हशीचा गोठा? बुजवून फरशी घाला की ह्याच्यावर!"

"घालू की, साहेब. मग पाणी आलं की त्याला तुमच्या खोलीत खुर्ची द्या."

साहेब हसले नाहीत. पिराजीला त्यांनी पुढच्या गुलाबांवर नेमलं. माझ्या जाळीत पानं साचू लागली.

सत्त्याण्णवची आयुधपूजा आली. आमच्या गावात तो दिवस यंत्रांचा. ॲम्ब्युलन्सला हार, जनरेटरला कुंकू, एक्स-रे मशीनलासुद्धा झेंडू. दारोदारी केळीचे खुंट, फोडलेले कोहळे. तिसऱ्या दिवशी साहेबांनी हुकूम सोडला, "देवाचं आहे, कचऱ्यात नको. मागच्या चरात ठेवा, सावकाश कुजेल."

पुण्यही राखलं, उचलून नेण्याचा त्रासही वाचला! सात खुंट माझ्या जाळीवर आडवे पडले.

त्याच दुपारी ऑक्टोबरचा पाऊस कोसळला आणि वीज गेली. जनरेटर धडधडू लागला. वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत संध्या नावाच्या बाळंतिणीचं सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ होतं. पेटीची ऊब त्या जनरेटरवर, आणि जनरेटरची खोली माझ्या काठापासून एकच पायरी वर.

पाणी माझ्या काठाशी आलं. मी गिळू बघत होतो, घशात केळी. बघता बघता ते पायरीला लागलं.

नर्स धनलक्ष्मी जिन्यावरून ओरडली, "मशीन बंद पडलं तर बाळाला ऊब कुठून देऊ, साहेब? अंगाशी धरून किती वेळ पुरवू?"

साहेब काठावरून वाकून खुंट ओढू लागले. खुंट हलेना. पिराजी धावत आला.

"वरून नाही व्हायचं, साहेब. उतरा!"

साहेबांनी एकदा आपल्या बुटांकडे पाहिलं आणि कमरेएवढ्या पाण्यात उडी घेतली.

"स्वल्प, थोडं खाली! बुंध्याकडून धरा!" पिराजी ओरडला.

एक निघाला. तीन निघाले. पाणी उंबऱ्यावरून आत गेलं. साहेबांनी श्वास धरला, डोकं बुडवलं आणि दोन्ही हात जाळीत घातले. सातवा खुंट सुटला तसा मी असा घोट घेतला की साहेबांचा एक बूटच ओढला गेला. पाणी उतरू लागलं. जनरेटर चालूच राहिला.

साहेब चिखलातच बसले. "सिस्टर, बाळ?"

"रडतंय. तुमच्यापेक्षा कमी."

साहेबांनी तोंडावरून हात फिरवला. पावसाचं पाणी आहे, म्हणाले.

मित्रांनो, मला हार नको, कुंकू नको. हातातलं काही माझ्यात टाकण्याआधी एकदा मान वर करा, आणि माझ्या पलीकडच्या खिडकीत कोण झोपलंय तेवढं बघा.