खालून येणारी शाबासकी

पहाटे पावाची भट्टी लावणाऱ्या माणसाची रात्र दुपारी होते, हे बिल्डिंगमध्ये कुणाच्या गावीही नव्हतं. बेकरीवाला घरी येऊन पडदे ओढून अंग टाकतो न टाकतो, तोच डोक्यावर सुरू व्हायचं: ठक, सर्र, ठक. वरचे लोक कपाट सरकवतात म्हणावं, तर रोज कोण कपाट सरकवतं? मग तोही उठून झाडूच्या दांड्याने छत बडवायचा. आवाज क्षणभर थांबायचा आणि दुप्पट जोमाने सुरू व्हायचा. इतका निर्लज्जपणा त्याने जन्मात पाहिला नव्हता.

काल झोपेच्या गुंगीत तो पिठात मीठ घालायलाच विसरला. "पुन्हा असं झालं तर दुसरी बेकरी शोध," मालक म्हणाला. त्यामुळे आज ठकठक सुरू होताच तो चुरगळलेल्या बनियनवरच जिना चढला.

दार काकूंनी उघडलं. हा तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "खालचे ना तुम्ही? या, या. तुमचे उपकार कसे फेडायचे?"

आत काका वॉकर धरून उभे होते. अर्धांगवायूने त्यांचा एक पाय लुळा पडला होता.

"चालायच्या व्यायामाच्या पहिल्या दिवशी हे हातपाय गाळूनच बसले," काकू सांगू लागल्या. "तेवढ्यात खालून तुम्ही ठोकलंत. हे म्हणाले, बघ, कुणीतरी शाबासकी देतंय. तेव्हापासून तुम्ही ठोकलंत की आणखी एक फेरी मारतात."

बेकरीवाल्याला गप्प बसून सुटता आलं असतं, पण मग झोपही गेली आणि नोकरीही. मान खाली घालून तो पुटपुटला, "काका, ती शाबासकी नव्हती. शिव्या होत्या. मी दुपारी झोपतो. झोप झाली नाही तर नोकरी जाईल माझी."

काकूंचा चेहरा पडला. काका मात्र खो खो हसत सुटले.

"शिव्या? अरे वा. आजारी पडल्यापासून जो तो माझ्याशी बोबडं बोलतो. मला वाटलं, आपल्यावर चिडणारं कुणी उरलंच नाही."

व्यायाम संध्याकाळवर गेला. "पण समोर येऊन चिडायचं," काकांनी अट घातली.

त्या दुपारी बेकरीवाला घोडे विकून झोपला आणि उठल्यावर तोंड धुऊन वर गेला. काका निघाले, पाय ओढत, चेहरा शक्य तितका बिचारा करून.

"छान हं, सावकाश," काकू म्हणाल्या.

"पाय उचला, काका," बेकरीवाला खेकसला. "फरशी काय पुसताय?"

काकूंनी डोळे मिटून घेतले. काकांनी त्याच्याकडे खाऊ का गिळू असं पाहिलं आणि पाय उचलला.