वन्संचा खुबा

माझी थोरली नणंद शाळेत खेळाची शिक्षिका होती. मी त्यांना वन्सं म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि माझ्या ताटावर त्यांची नजर बसली. स्वतः चार घास चिवडायच्या.

"किती खातेस गं! एक दिवस दारातून आडवी जायला लागशील," पाहुण्यांदेखत म्हणायच्या. मग स्वतःचं मनगट दोन बोटांत धरून दाखवायच्या. "साठी उलटली, पण आहे का कुठे चरबी?"

नवरा हसायचा. मी आतल्या आत धुमसायचे.

एका सकाळी मोरीतून बाहेर येताना पायपुसण्यावर त्यांचा पाय सरकला. धाडकन आपटल्याही नाहीत, बसल्यासारख्या खाली गेल्या. मी अशी कितीदा पडून उठलेय. त्या उठल्या नाहीत. खुबा मोडला होता.

शस्त्रक्रियेनंतर हाडांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढ्याशा पडण्यानं हे हाड मोडायला नको होतं. हाडं पार विरलीत. या वयात वजन इतकं कमी असलं की हाडं कमजोर होतात, आणि पडल्यावर मार झेलायला अंगावर मांसही नसतं. औषध देते, पण वजन वाढवायलाच हवं."

"म्हणजे हिच्यासारखं?" वन्संनी माझ्याकडे हनुवटी उडवली.

"त्या स्वतःच्या पायांवर उभ्या आहेत," बाई म्हणाल्या.

घरी आणल्यावर सगळं माझ्याच गळ्यात पडलं. नवरा सकाळीच कामावर पळायचा. मी वाटी पुढे केली की वन्सं तोंड फिरवायच्या.

"मुद्दाम तूप ओततेस. मला फुगवून सूड उगवायचाय तुला."

"हो, उगवायचाय. गिळा."

माझ्याकडे डोळे वटारून त्या गिळायच्या. पाठ पुसताना त्यांच्या फासळ्या बोटांना लागायच्या. दया यायला हवी होती. आली नाही. पाहुण्यांसमोरचं ते बोलणंच कानात वाजायचं.

हळूहळू गालांवर मांस आलं. वॉकर सुटला, काठी आली. जिना उतरता यायला लागला, तसं त्यांनी मैत्रिणीच्या घरी खोली ठरवली. नवऱ्यानं खूप समजावलं. मी माळ्यावरून त्यांची बॅग काढून दिली.

निघताना दारात थांबून म्हणाल्या, "तुझ्यामुळे माझा एक कपडा धड अंगात शिरत नाही."

"उसवून घ्या," मी म्हटलं आणि त्या पुरत्या वळायच्या आत दार लावलं.