एकही फ्रेम गळली नाही

बाबांचा हात स्क्रीनवर अडकत होता, आणि घरातल्या सगळ्यांनी एकमताने दोष कॉम्प्युटरला दिला.

दोष द्यायला तो होताही तसाच. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेला, सुरू करून ठेवावा आणि आंघोळ उरकून यावं अशा स्वभावाचा. थोरलीला त्यावर व्हिडिओ एडिट करायचा होता. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. एडिटिंगमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण बाबांचं काम उतरवून ठेवायचं तिने मनावर घेतलं होतं. बाबा प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं बनवत. दोन हातांत दोन काचनळ्या धरून ज्योतीवर एकाच गतीने फिरवायच्या आणि काच मऊ झाली की टोकाला टोक भिडवायचं. एका हाताची गती जरा चुकली की जोड पिळला जातो. आसपास हे काम आता दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. निदान बघून कुणी शिकेल, एवढाच तिचा हेतू.

शूटिंगही बाबांच्या अटीवर झालं. "मागे कुणी उभं राहिलं की माझा हात बसत नाही," ते हल्ली म्हणत. म्हणून ती फोन मागच्या खोलीतल्या त्यांच्या टेबलावरच्या स्टँडला अडकवायची, बटण दाबायची आणि बाहेर येऊन आईशी गप्पा मारत बसायची. फोन लगेच भरायचा, मग सगळं उचलून कॉम्प्युटरमध्ये टाकायचं. तिथे लावलं की चित्र धडपडत, ठेचकाळत पुढे सरकायचं.

धाकटी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. तिने कॅबिनेट उघडलं आणि नाक मुरडलं.

"ताई, या डब्यावर पत्ते खेळ. व्हिडिओचं नाव काढू नकोस."

"तू काहीतरी जोडून दे की."

"देते. आधी धूळ काढू दे. इथे मेथी पेरली तर उगवेल."

आधी रॅम वाढवली. चित्र बरंच सुधारलं, पण हात अडकत राहिला. बाबा मागच्या खोलीतून आले, उजवा हात खिशात घालून खुर्चीमागे उभे राहिले, बघत राहिले.

"अजून अडकतंय," ते म्हणाले.

"हार्ड डिस्क म्हातारी झालीय, बाबा. तिची धाव तेवढीच."

पुढच्या सुट्टीला जुनी हार्ड डिस्क जाऊन एसएसडी आली. कॉम्प्युटर डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू व्हायला लागला. धाकटीने मोठ्या फायलींच्या हलक्या प्रती करून दिल्या, म्हणजे एडिट करताना यंत्राला ओझं कमी. तरीही क्लिपच्या मध्यावर सगळं गोठायचं, आणि त्याआधीही हात अडकायचाच. बाबा आले, त्यांनी विचारलं, "गेलं का अडकणं?" टीव्हीकडे ढुंकूनही न बघणारा माणूस दर वेळी काम टाकून येत होता. थोरलीला बरं वाटायचं.

"बाबांना गोडी लागली," धाकटी चिडवायची. "बघ, हल्ली शर्ट सोडून टी-शर्टात वावरतात. हिरो व्हायची तयारी."

बाबा हसायचे आणि आत जायचे.

शेवटी राहिलं ग्राफिक्स कार्ड. त्याला वीज जास्त लागते म्हणून पॉवर सप्लायही बदलावा लागला. त्या दिवशी दुपारी धाकटीने शेवटचा स्क्रू आवळला, झाकण लावलं, आणि थोरलीने हलकी प्रत बाजूला सारून मूळ क्लिपच लावली. मागच्या खोलीतून बर्नरचा फुस्स आवाज येत होता. बाबा काम करत होते.

चित्र वाहायला लागलं. त्याला दुसरा शब्द नव्हता. ज्योतीचं निळं टोक थरथरत होतं ते वेगळं दिसलं, खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगला आणि सावकाश बसला.

बाबांचा हात अडकला.

धाकटी पुढे वाकली. तिने कोपऱ्यातला एक आकडा उघडला, थोडा वेळ बघितला. "गळलेल्या फ्रेम शून्य."

"म्हणजे?" थोरलीने विचारलं, पण तिला कळलं होतं.

"म्हणजे कॉम्प्युटर काहीही सोडत नाहीये. जे शूट झालंय तेच दिसतंय."

थोरलीने क्लिप मागे नेली. डाव्या हातातली नळी संथ, गोल फिरत होती. उजव्या हातातली फिरे, अडखळे, झटका घेई, पुन्हा फिरे. दोन्ही हात एकाच चित्रात होते. मागे पडदा होता, तोही त्याच चित्रात. यंत्र अडकलं असतं तर सगळं चित्र अडकलं असतं. एकटा उजवा हात वेचून अडकवणारा कॉम्प्युटर अजून कुणी बनवलेला नाही. वर्गात मुलांना ती हेच शिकवत आली होती: उपकरणाला नावं ठेवण्याआधी काय बदललं आणि काय तसंच राहिलं ते बघा. आणि इथे पहिल्या दिवसापासून ते डोळ्यांसमोर असताना ती रॅम मोजत बसली होती.

"थांबवू?" धाकटीने हळूच विचारलं.

"नको. पुढे जाऊ दे."

इथून पुढचं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. उजव्या हातातली नळी निसटली. बाबांनी ती कोपराने टेबलाशी दाबून धरली, आणि मान वर करून सरळ फोनकडे पाहिलं. मग उजवा हात टेबलाखाली घेतला.

वाळलेले कपडे घेऊन आई दारात उभी होती.

"दिसलं का शेवटी?" ती म्हणाली.

थोरली वळली. "आई, तुला माहीत होतं?"

"शर्टाची बटणं रोज कोण लावून देत होतं? मग मीच म्हटलं, टी-शर्ट घालत जा."

"आणि तू आम्हाला बोलली नाहीस?"

"बोलणार होते. तर म्हणाले, पोरी म्हणतायत ना कॉम्प्युटरचा दोष आहे. आधी तो निघतो का बघू." आईने कपडे खुर्चीवर ठेवले. "माझी काय छाती होती नाही म्हणायची?"

मागच्या खोलीत बर्नर फुसफुसत होता. थोरली ताडकन उठली, धाकटी तिच्या मागोमाग.

बाबा पाठमोरे बसले होते. उजवं मनगट त्यांनी टेबलाच्या कडेला दाबून ठेवलं होतं, आणि तरी नळीचं लाल टोक हवेत बारीक बारीक नाचत होतं. हाक मारली तर ते दचकतील, म्हणून ती श्वास धरून उभी राहिली. त्यांनी नळी खाली ठेवली तेव्हाच बोलली. "बाबा."

"किती वेळा सांगितलं, मागे उभं राहू नये म्हणून." ते वळले. दोघींचे चेहरे पाहून त्यांचा आवाज खाली आला. "नवीन कार्ड बसवलं?"

"बसवलं."

"मग? गेलं अडकणं?"

धाकटीने थोरलीकडे पाहिलं.

"कॉम्प्युटर आता ठीक आहे, बाबा," थोरली म्हणाली.

"अगदी? एखादी केबल वगैरे राहिली असेल."

"काही राहिलं नाही."

"एडिटिंगमध्ये हलणं थांबवायची काही सोय असते म्हणे."

"ती कॅमेरा हलला तर," धाकटी कशीबशी बोलली.

"असं होय." त्यांनी डाव्या हाताने आधी ऑक्सिजन बंद केला, मग गॅस. "मला वाटायचं, हात नुसता भरून येतो. पहिल्यांदा तुमच्या स्क्रीनवर पाहिला तेव्हा घाबरलोच. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, रॅम कमी आहे. इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू."

ते उठून बाहेरच्या खोलीत गेले आणि आपणहून कॉम्प्युटरसमोर बसले. "नीट दाखव," म्हणाले. क्लिप त्यांनी शेवटपर्यंत पाहिली. स्वतःचा चेहरा फोनकडे बघायला लागला तिथे त्यांनी नजर खाली घेतली, पण पुन्हा वर केली.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," थोरली म्हणाली.

"तिथे हा हात गुणी बाळासारखा वागेल. मग मीच खोटा."

"मग हे दाखवू."

"एवढं मोठं कोण बघत बसणार? तुकडा काप."

थोरलीने माउस हातात घेतला. कापायचं कसं हे ती अजून शिकलीच नव्हती. धाकटीने मागून हात घालून कोणतं बटण ते दाखवलं. थोरलीने खूण केली, तर बाबांनी मान हलवली.

"इथून नाही. मागे घे. नळी निसटायच्या आधीपासून."

तिने खूण मागे नेली.

"अजून थोडं," बाबा म्हणाले. "हां. इथे अडकणं चांगलं दिसतं."